नगराला दिलेले कर्ज : दोनशे वर्षांचा हिशेब

पैसा साठवणाऱ्या संसारी माणसाला दोन भये असतात. ज्याच्या हाती पैसा दिला तो बुडवील की काय, हे पहिले. आणि पैसा परत आला तरी त्यात पूर्वीइतके धान्य, पूर्वीइतके कापड येईल की नाही, हे दुसरे. पहिल्या भयाने त्याची झोप उडते. दुसरे बहुधा त्याच्या गावीही नसते. अमेरिकेतील नगरांनी आणि संस्थानांनी लोकांकडून गेली दोनशे वर्षे जी कर्जे काढली, त्यांचा इतिहास या दृष्टीने पाहू लागले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट आढळते. ज्या भयाने सावकार जागा राहिला, त्याने एकंदरीत त्याचे फारसे वाकडे केले नाही. आणि ज्याचा त्याला विसर पडला होता, त्याने त्याच्या मुद्दलाचा मोठा लचका तोडला. ही गोष्ट कशी घडली, हे आज आम्हांला थोडे विस्ताराने सांगावयाचे आहे.

अमेरिकेचेच उदाहरण आम्ही का घेतो, असे कोणी विचारील. त्याचे कारण सरळ आहे. सामान्य गृहस्थाने आपल्या शिलकेतून नगराला कर्ज द्यावे, ही रीत त्या देशात जितकी खोल रुजली आणि तिचे आकडे जितके जपून ठेवले गेले, तितके क्वचितच कोठे झाले असेल.

प्रथम कर्जरोखा म्हणजे काय ते पाहू. गावाला नळ पाहिजेत, शाळा पाहिजे, नदीवर पूल पाहिजे. यांना पैसा एकदम लागतो. कर मात्र वर्षावर्षाला थोडा थोडा गोळा होतो. पूल तर पुढच्या पिढीच्याही उपयोगी पडणार. मग त्याचा सारा भार आजच्या घरपट्टीवर का घालावा? यास्तव नगर कर्ज काढते, वीस-तीस वर्षांच्या मुदतीचा रोखा लिहून देते, दरसाल ठरलेले व्याज देते आणि मुदत भरताच मुद्दल परत करते. काही रोख्यांच्या पाठीशी नगराचा सगळा करवसुलीचा अधिकार असतो. काहींच्या पाठीशी केवळ त्या कामाचे उत्पन्न, म्हणजे पाणीपट्टी किंवा पुलावरील टोल, एवढेच असते. संस्थाने, काउंट्या, शाळामंडळे आणि पाणीमंडळे या सर्वांच्या रोख्यांना अमेरिकेत म्युनिसिपल रोखे हेच नाव आहे. पुढे विसाव्या शतकात या रोख्यांचे सामायिक निधी निघाले. हजारो माणसांच्या लहान लहान रकमा एकत्र करून असा निधी शेकडो गावांचे रोखे विकत घेतो. त्यामुळे एखादे गाव बुडाले तरी भागीदाराला त्याची झळ थोडीच लागते.

या इतिहासाचा आरंभ मोठा शुभ झाला. न्यूयॉर्क संस्थानाने १८१७ साली एरी कालव्याचे काम हाती घेतले. आल्बनीपासून बफेलोपर्यंत ३६३ मैलांचा हा कालवा १८२५ साली पुरा झाला आणि त्याला सुमारे ७० लाख डॉलर खर्च आला. हा पैसा रोखे विकून उभा केला होता. न्यूयॉर्कमध्ये १८१९ साली गरिबांच्या बचतीसाठी एक बँक निघाली होती; कारागीर, मोलकरणी, खलाशी यांचे त्या बँकेत साठलेले पैसे या रोख्यांत मोठ्या प्रमाणावर गेले. कालवा सुरू होताच टोलाचे उत्पन्न व्याजाला पुरून उरले. सावकाराला व्याज मिळाले, शेतकऱ्याचा गहू स्वस्तात बंदरात पोचला, आणि न्यूयॉर्क शहराचे भाग्य उघडले. कर्जाचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

परंतु एकाचा कालवा चालला म्हणजे प्रत्येकाचा चालतोच, असे नाही. इतर संस्थानांनीही कालवे, सडका आणि बँका यांसाठी भरमसाट कर्जे काढली. १८३७ साली बाजारात मंदीची लाट आली, आणि १८४१ ते १८४३ या काळात आठ संस्थाने व फ्लॉरिडा हा प्रदेश यांनी व्याज देणे थांबविले. मिसिसिपीने तर आपले कर्ज साफ नाकारले आणि ते पुढे कधीच फेडले नाही. या रोख्यांत इंग्लंडमधील माणसांचा पुष्कळ पैसा अडकला होता. त्यांच्यापैकी सिडनी स्मिथ हे विनोदासाठी प्रसिद्ध असलेले धर्मोपदेशक होते. पेनसिल्व्हेनियाच्या रोख्यांत पैसे गुंतले म्हणून त्यांनी १८४३ साली अमेरिकेच्या काँग्रेसला उद्देशून एक जळजळीत अर्ज लिहिला आणि नुकसान सोसून आपले रोखे विकून टाकले. १८४५ साली ते वारले; आणि त्याच साली पेनसिल्व्हेनियाने पुन्हा व्याज देण्यास आरंभ केला. घाबरून विकणाऱ्याचे नुकसान कायमचे होते, थांबणाऱ्याचे पुष्कळदा भरून येते, ही या इतिहासात वारंवार दिसणारी गोष्ट येथे प्रथम आढळते.

त्यानंतर रेल्वेचे वेड आले. आपल्या गावावरून गाडी जावी म्हणून लहान लहान गावांनी रेल्वे कंपन्यांना रोखे काढून दिले. पुष्कळ ठिकाणी गाडी आलीच नाही. रोखे मात्र बाजारात हिंडत राहिले आणि अपरिचित माणसांच्या हाती गेले. आयोवातील ड्यूबूक या गावाच्या खटल्यात १८६४ साली सर्वोच्च न्यायालयाने रोखेधारकांच्या बाजूने निकाल दिला. मिसूरीतील सेंट क्लेअर काउंटीतही गाडी आली नव्हती. कर्ज फेडण्यासाठी कर बसवा असा न्यायालयाचा हुकूम झाला, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी तुरुंगात जाणे पत्करले, पण कर बसविला नाही. आणि मतदारही अशाच माणसांना निवडून देत राहिले. त्या मतदारांना आपण सर्वस्वी दोष देऊ शकू काय? गाडी नाही, पण गाडीचे व्याज मात्र द्या, असे कोणी आपल्याला म्हटले तर आपणही काय करू, याचा विचार करून पाहावा. नगराचे कर्ज म्हणजे शेवटी एका नागरिकाने दुसऱ्या नागरिकाच्या घरपट्टीवर ठेवलेला हक्क आहे, हे तेव्हापासून कोणी विसरू शकले नाही.

१९१३ साली अमेरिकेत मिळकतीवरील केंद्रीय कर कायमचा आला, आणि त्या कायद्याने म्युनिसिपल रोख्यांचे व्याज करातून वगळले. ही सवलत थोड्याफार फरकाने आजपर्यंत चालू आहे. तिचा परिणाम असा की सावकार कमी व्याजावर राजी होतो. सवलत दिसते सावकाराला. पण तिचा बराच भाग कमी व्याजाच्या रूपाने नगराच्या पदरात पडतो. म्हणून या रोख्यांच्या लाभाची तुलना दुसऱ्या रोख्यांशी करावयाची, तर कर वजा करूनच केली पाहिजे.

मग महामंदी आली. १९२९ ते १९३७ या काळात सुमारे पावणेपाच हजार नगरे, काउंट्या, शाळामंडळे यांचे हप्ते चुकले. १९३३ साली आर्कान्सा हे संस्थानही थकले. अशा वेळी सावकाराचे सर्वस्व गेले असेल, असे वाटेल. वस्तुतः तसे झाले नाही. पुढे पाहणी झाली तेव्हा असे दिसून आले, की बहुतेकांनी उशिरा का होईना पैसे चुकते केले, आणि कायमची बुडालेली रक्कम एकंदर कर्जाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास होती. १९७० नंतरच्या काळाची मूडीज या संस्थेने केलेली मोजणीही हेच सांगते. तिने पत ठरवून दिलेल्या नगरांपैकी दहा वर्षांत हप्ता चुकविणारी हजारी दोनसुद्धा भरत नाहीत. खासगी कंपन्यांत हेच प्रमाण शेकडा दहाच्या आसपास आहे. नगर पळून जाऊ शकत नाही, दुकान मोडून दुसऱ्या गावी बिऱ्हाड करू शकत नाही. त्याची घरे, जमिनी आणि विहिरी जागच्या जागी असतात. पहिले भय अगदी खोटे नाही; पण त्याचे आकारमान लहान आहे.

आता दुसऱ्या भयाकडे वळू. यासाठी तीन वेगवेगळ्या वर्षी वीस वर्षांच्या मुदतीने कर्ज देणारे तीन सावकार डोळ्यांपुढे आणावेत. ही माणसे कल्पनेतील आहेत. व्याजाचे आणि भावांचे आकडे मात्र खरे आहेत.

पहिल्याने १९२० साली कर्ज दिले. महायुद्धानंतरची महागाई शिगेला पोचली होती आणि चांगल्या नगराच्या रोख्यावर पाच टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होते. पुढच्या वीस वर्षांत भाव सुमारे ३० टक्के उतरले. त्याला मिळालेला डॉलर त्याने दिलेल्या डॉलरहून जड होता. ज्याचे गाव मंदीत थकले नाही, त्याला व्याज आणि स्वस्ताई मिळून दरसाल सात टक्क्यांच्या जवळपास खरा लाभ झाला. महामंदीसारख्या काळातून गेलेल्या सावकाराची ही कथा आहे, हे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्याने १९४६ साली कर्ज दिले. युद्ध जिंकले होते, देश सर्वांत बलाढ्य झाला होता, नगरांची पत उत्तम होती. युद्धकाळात सरकारने व्याजाचे दर दाबून धरले होते. आणि मिळकतीवरील कर इतके चढले होते, की करमुक्त रोख्यांवर श्रीमंतांच्या उड्या पडत होत्या. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत वीस नगरांच्या रोख्यांचा सरासरी दर १.२९ टक्के इतका खाली आला. हा दर वर्तमानपत्री मोजणीत तोवरचाच नव्हे, तर त्यानंतरच्याही काळातला नीचांक ठरला. या सावकाराला एकही हप्ता चुकला नाही. १,००० डॉलरांवर दरसाल १२ डॉलर ९० सेंट व्याज आले, आणि १९६६ साली मुद्दलाचे १,००० डॉलर बिनबोभाट परत मिळाले. पण मधल्या काळात भाव पाऊणपट वाढले होते. सर्व व्याज आणि मुद्दल १९४६ सालच्या भावाने मोजले, तर त्याच्या हाती सुमारे साडेसातशे डॉलरच पडले. कोणी फसविले नाही, कोणी नाकारले नाही, न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही. तरी चौथा हिस्सा गेला. महामंदीत नगरांनी बुडविलेल्या रकमेचे प्रमाण याच्या शेजारी ठेवले, म्हणजे दोन भयांमधील अंतर लक्षात येते.

तिसऱ्याने १९८२ साली कर्ज दिले. आधीची दहा वर्षे महागाईने लोक हैराण झाले होते. १९४६ सालच्या डॉलरला पूर्वी शंभर सेंटांत येई तेवढे सामान घ्यावयाचे, तर आता पाच डॉलरांहून अधिक लागत होते. रोखा म्हटले की माणसे तोंड फिरवीत. त्या जानेवारीत तोच सरासरी दर १३.४४ टक्क्यांवर गेला. ज्याने त्या वेळी छाती करून पैसे दिले, त्याला पुढील वर्षांत महागाई वजा जाता दरसाल नऊ टक्क्यांहून अधिक लाभ झाला. मात्र त्यालाही एक मेख होती. बहुतेक रोख्यांत, दहा वर्षांनंतर मनात येईल तेव्हा कर्ज आधीच फेडण्याची मुभा नगराला असते. १९९२ साली दर साडेसहा टक्क्यांच्या आसपास उतरले होते. साहजिकच नगरांनी महाग कर्ज फेडून स्वस्त कर्ज काढले. सावकाराचा सुकाळ अर्ध्यावरच संपला.

या तिघांकडे एकत्र पाहिले तर काय दिसते? ज्या वर्षी सर्वांना भरवसा वाटत होता, त्याच वर्षी कर्ज देणाऱ्याचे नुकसान झाले. ज्या वर्षी सर्वांना धास्ती होती, त्या वर्षी देणाऱ्याला लाभ झाला. यात दैवाचा खेळ नाही. रोख्यातील लाभाची वरची मर्यादा बहुतांशी पहिल्या दिवशीच ठरते. सव्वा टक्क्याचा रोखा वीस वर्षांत सव्वा टक्काच देणार. मग भावांनी काय करावे हे त्याच्या हाती नसते.

सामायिक निधीने या गणितात काही फरक पडतो काय? पडतो, पण लोक समजतात तो नव्हे. १९७६ च्या करकायद्याने अशा निधींना करमुक्त व्याज भागीदारांपर्यंत पोचविण्याची वाट मोकळी झाली. १९७७ साली जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड संस्थेने लांब, मध्यम आणि आखूड मुदतीचे असे तीन स्वतंत्र निधी काढले, आणि खर्च कमीत कमी ठेवण्याचे धोरण राखले. या निधींच्या पहिल्या भागीदारांची वेळ मात्र वाईट होती. १९७७ साली पावणेसहा टक्क्यांच्या आसपास असलेला दर पाच वर्षांत १३.४४ वर गेला. बाजारात नवा रोखा साडेतेरा टक्के देत असता पावणेसहाचा जुना रोखा पुऱ्या किमतीला कोण घेईल? शंभराचा लांब मुदतीचा रोखा पन्नासाच्या आसपास विकला जाऊ लागला. स्वतःच्या पेटीत रोखा ठेवणाऱ्याला ही घसरण दिसत नाही. निधीच्या भागीदाराला ती रोज छापून येते. पण निधीला मुदत नसते. त्याचे जुने रोखे फिटतात तसतसे नवे, अधिक व्याजाचे घेतले जातात. म्हणून ज्याने घाबरून १९८२ साली आपला हिस्सा मोडला, त्याचा तोटा पक्का झाला. जो थांबला, त्याला पुढे दर उतरत गेले त्या जवळजवळ ४० वर्षांचा लाभ मिळाला. २०२० साली दर दोन टक्क्यांच्या आसपास पोचले, म्हणजे पुन्हा भरवशाचे दिवस आले. २०२२ साली महागाई उसळली, आणि या रोख्यांच्या निर्देशांकाने साडेआठ टक्क्यांची घसरण दाखविली. १९८१ नंतर इतके वाईट वर्ष आले नव्हते. १९४६ चा धडा नव्या पिढीला पुन्हा गिरवावा लागला.

येथपर्यंत आम्ही सावकाराच्या बाजूने हिशेब मांडला. परंतु व्याज आकाशातून पडत नाही. ते कोणाच्या तरी ताटातून येते. १९७५ च्या वसंतात न्यूयॉर्क शहराचे रोखे कोणी घेईना. जूनमध्ये संस्थानाने मदतीसाठी एक महामंडळ स्थापले. ऑक्टोबरात एके दिवशी दिवाळे काही तासांवर येऊन ठेपले असता, शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीने १५ कोटी डॉलरांचे रोखे घेण्याचे मान्य केले, म्हणून शहर वाचले. नोव्हेंबरात अल्प मुदतीच्या रोख्यांची फेड तीन वर्षे लांबविण्याचा कायदा झाला. पुढच्या वर्षी न्यायालयाने तो रद्द ठरविला, आणि रोखेधारकांना त्यांचे पैसे मिळाले. सावकार तरला. पण त्याच काळात भुयारी रेल्वेचे भाडे ३५ सेंटांवरून ५० सेंट झाले, हजारो नोकर घरी बसले, आणि १८४७ पासून फी न घेणाऱ्या शहराच्या महाविद्यालयांनी १९७६ साली फी बसविली. गरिबाच्या मुलाने भरलेली ती फी आणि सावकाराला मिळालेले व्याज एकाच खतावणीत लिहिलेले आहेत.

डेट्रॉइटमध्ये पारडे दुसरीकडे झुकले. १८ जुलै २०१३ रोजी सुमारे १,८०० कोटी डॉलरांचे देणे असलेल्या त्या शहराने दिवाळे जाहीर केले. ज्या रोख्यांच्या पाठीशी शहराने आपला सारा कराधिकार उभा केला होता, त्यांच्या धारकांना डॉलरामागे ७४ सेंट मिळाले. शहराच्या सामान्य निवृत्त नोकरांचे वेतन साडेचार टक्क्यांनी कापले गेले आणि महागाईनुसार होणारी वाढ बंद झाली. नगर बुडते तेव्हा सावकार आणि म्हातारा झाडूवाला यांच्यात वाटणी करावी लागते, आणि ती कोणालाच न्याय्य वाटत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न परका राहिलेला नाही. बंगलोरने १९९७ साली आणि अहमदाबादने १९९८ साली नगराचे रोखे काढले. अहमदाबादने १०० कोटी रुपये राज्य सरकारच्या हमीवाचून उभे केले. पुणे महानगरपालिकेने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे दहा वर्षांच्या मुदतीने आणि ७.५९ टक्के व्याजाने विकले. ते संस्थांनी घेतले, घरोघरच्या माणसांनी नव्हे. पण संस्थांमधला पैसा शेवटी आपल्याच शिलकेचा आणि विम्याच्या हप्त्यांचा असतो. आणि कर्ज फेडले जाते तेही आपल्याच पट्टीतून. अशा व्यवहारात आपण एकाच वेळी सावकारही आहोत आणि ऋणकोही.

यास्तव दोनशे वर्षांच्या हिशेबातून आमच्या नागरिकांनी दोन प्रश्न विचारावयास शिकावे, असे आम्हांला वाटते. सावकार म्हणून विचारावे, की हे व्याज महागाईला पुरून उरेल काय? नगर फेडील की नाही, ही चौकशी अवश्य करावी. पण तेवढ्यावर समाधान मानून झोपी जाऊ नये. आणि करदाता म्हणून विचारावे, की ज्यासाठी हे कर्ज काढले ते काम मुदत भरेपर्यंत उपयोगी पडत राहील काय? एरीच्या कालव्यातून गहू वाहत होता, म्हणून त्याचे व्याज कोणाला जड झाले नाही. सेंट क्लेअरला गाडी आली नाही, म्हणून तेथल्या लोकांना प्रत्येक पै जड झाली. नळाला पाणी येत असले म्हणजे पाणीपट्टी भरणारा कुरकुर करतो खरा, पण भरतो. सावकाराचा सर्वांत भक्कम तारण तोच असतो.